जुना कंडेन्सर काढला, आता त्याजागी कुठला लावायचा?

वॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून खालचं झाकण काढलं की आधी वास येतो. जुन्या मेणाचा, धुळीचा, आणि वर्षानुवर्षं तापलेल्या बेकेलाइटचा. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर असाच एक सेट होता. सांगलीकडच्या एका शिक्षकांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधलेला. आराखडा मुलार्ड कंपनीच्या 'फाइव्ह-टेन'चा. ब्रिटनमधल्या या वॉल्व्ह कंपनीने १९५०च्या दशकात तो घरी बांधणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केला होता. नावातच सगळं आहे: पाच वॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या, तापून काम करणाऱ्या काचेच्या नळ्या), दहा वॅट. एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि एक रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा वॉल्व्ह.

सेट घेऊन आल्या त्या त्यांच्या कन्या. म्हणाल्या, "दादा, अण्णा रोज सकाळी यावर रेकॉर्ड लावायचे. आता नुसतं घूंऽऽ करतंय, आणि मागचा एक वॉल्व्ह लाल होतोय. मी लगेच बंद केला."

लगेच बंद केला हे फार बरं केलं. त्यांनी सांगितलेल्या दोन तक्रारी वरवर एकाच आजाराच्या वाटतात, पण त्या दोन अगदी वेगळ्या कंडेन्सरांच्या आहेत. घूं हा आवाज पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कंडेन्सरचा. लाल होणारा वॉल्व्ह हा कपलिंग कंडेन्सरचा. दोघांचं काम वेगळं, बिघडण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून बदली माल निवडायची रीतही वेगळी. "वॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी चांगला कंडेन्सर कोणता?" असं मला पुष्कळ जण विचारतात. त्यावर माझा उलट प्रश्न असतो: कुठल्या जागेसाठी? जागा कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

(पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सर. मी दुकानातला शब्द वापरतो. वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा हा भाग.)

हात घालण्याआधी

हा भाग वाचल्याशिवाय कृपया झाकण उघडू नका. या सेटमध्ये ३०० ते ३५० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सर भरलेलेच राहतात, कधी कधी बराच वेळ. म्हणून प्लग काढायचा, मग १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना जाड इन्सुलेशनच्या वायरी जोडलेल्या असाव्यात. एक टोक चॅसीला (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याला), दुसरं कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला, आणि मनात दहा आकडे मोजायचे. १०० मायक्रोफॅरड (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) असले तरी पाच सेकंदांत एक टक्क्याच्या खाली व्होल्टेज येतं. मग मल्टीमीटर लावून खात्री करायची. थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं, कारण रिकामा केलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आपोआप थोडा परत भरल्यासारखा होतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची जुनी सवय सोडून द्या. त्याने ठिणगी उडते, कंडेन्सरच्या आतल्या जोडांना झटका बसतो आणि आपण दचकून हात नको तिथे नेतो.

चालू सेटवर मोजमाप करताना डावा हात खिशात. हे आम्हाला शिकवणाऱ्यांनी बजावून सांगितलं होतं आणि मी आजही पाळतो. ज्यांनी हाय व्होल्टेजवर कधी काम केलेलं नाही त्यांनी पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवावं.

फिल्टर कंडेन्सर: गच्चीवरची टाकी

आपल्याकडे नळाला पाणी दिवसातून दोनदा येतं, पण गच्चीवर टाकी असली की घरात चोवीस तास पाणी. फिल्टर कंडेन्सर म्हणजे ही टाकी. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू वापरतो, त्यामुळे टाकीत सेकंदाला १०० वेळा पाणी पडतं आणि मधल्या वेळात अ‍ॅम्प्लिफायर त्यातून पीत राहतो. टाकी आटली की पाणी मधेमधे तुटायला लागतं. तेच स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूं म्हणून ऐकू येतं.

टाकी आटते कशी? या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि सोबत ओलसर रसायनात भिजलेला कागद. दोन्ही प्लेटांमधलं इन्सुलेशन म्हणजे तो ऑक्साइडचा थर. ओलावा बुचातून हळूहळू उडून जातो. तशी क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. सेट वर्षानुवर्षं बंद पडून राहिला तर ऑक्साइडचा थरही खराब होतो, आणि एका दिवशी अचानक पूर्ण व्होल्टेज दिलं की कंडेन्सर तापतो, फुगतो, फुटतोसुद्धा.

आता निवड. पहिलं, क्षमता. अण्णांच्या सेटमध्ये ५० आणि ५० मायक्रोफॅरडचा जोड-कंडेन्सर होता, एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात दोन. आज बाजारात ५० क्वचित मिळतो, ४७ सर्रास मिळतो. तो बिनधास्त लावा. जुन्या काळच्या इलेक्ट्रोलिटिकची सूट (छापील आकड्यापेक्षा कमी-जास्त असण्याची मुभा) उणे २० ते अधिक ५० टक्के इतकी मोठी असायची, तेव्हा तीन मायक्रोफॅरडच्या फरकाने काही होत नाही. तसंच ८च्या जागी १०, १६च्या जागी १५ किंवा २२, ३२च्या जागी ३३.

पण "जास्त म्हणजे चांगलं" हा विचार इथे घातक आहे. रेक्टिफायर वॉल्व्हच्या लगेच पुढे जो कंडेन्सर बसतो त्याला कमाल मर्यादा असते, आणि ती वॉल्व्हच्या माहितीपत्रकात छापलेली असते. ईझेड८१ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड३४ला ६०. टाकी जेवढी मोठी तेवढा भरतानाचा झटका मोठा, आणि तो झटका वॉल्व्हच्या कॅथोडला (आतल्या तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) सोसावा लागतो. पहिल्या जागी २२० मायक्रोफॅरड लावून घूं गेली म्हणून खूश झालेले लोक मी पाहिले आहेत. थोड्याच दिवसांत त्यांच्या रेक्टिफायरमध्ये ठिणग्या उडायला लागल्या. चोकच्या (तारेच्या गुंडाळीच्या) किंवा मधल्या रेझिस्टरच्या पलीकडचा कंडेन्सर थोडा वाढवायला हरकत नाही, कारण तिथे झटका पोचेपर्यंत तो मऊ झालेला असतो.

दुसरं, व्होल्टेज. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. सेट चालू असताना ३२० व्होल्ट दिसतात म्हणून ३५० व्होल्टचा कंडेन्सर पुरेल असं वाटतं. पण सुरुवातीच्या सेकंदांचा विचार करा. ट्रान्सफॉर्मर समजा ३००-०-३०० व्होल्टचा आहे. एसीचं शिखर १.४१ पट, म्हणजे ४२४ व्होल्ट. वॉल्व्ह तापून करंट ओढायला लागले की हे खाली येतं, पण तोपर्यंतचे दहा-पंधरा सेकंद कंडेन्सरवर जवळपास पूर्ण शिखर येऊ शकतं. ईझेड८१सारखा हळू तापणारा रेक्टिफायर असेल तर तो स्वतःच उशिरा सुरू होतो आणि हा धोका कमी होतो. मात्र पुष्कळ जुन्या सेटमध्ये कोणीतरी मधल्या काळात रेक्टिफायर वॉल्व्ह काढून डायोड बसवलेले असतात. डायोड थांबत नाहीत. त्यात रात्री उशिरा आमच्याकडे मीटरवर २३०च्या जागी २५० व्होल्ट दिसतात. मग ते ४२४चे ४६१ झाले, आणि ४५० व्होल्टचा कंडेन्सर रोज रात्री मर्यादेबाहेर.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मी कंडेन्सर आणायला जातो तेव्हा हा संवाद ठरलेला:

"साहेब, ५००चा नाहीये. ४५०चा न्या, सगळे तोच नेतात."

"माझ्याकडे डायोडवाला सेट आहे हो भाऊ. ५००चाच लागेल. मागवून ठेवा, मी शनिवारी येतो."

५०० व्होल्टचा ३२० व्होल्टवर चालवला तर काहीही बिघडत नाही. जागेत मावत असेल तर वरचाच घ्यावा. ५००चा मिळालाच नाही, तर ३५० व्होल्टचे दोन १०० मायक्रोफॅरड एकापुढे एक जोडायचे. क्षमता निम्मी म्हणजे ५०, व्होल्टेज दुप्पट म्हणजे ७००. पण प्रत्येकाच्या दोन टोकांवर २२० किलोओहम, एक किंवा दोन वॅटचा रेझिस्टर लावल्याशिवाय हे करू नका. दोन कंडेन्सर कधीच अगदी सारखे नसतात, आणि रेझिस्टर नसला तर एकाच्या वाट्याला जास्त व्होल्टेज जातं.

तिसरं, उष्णता. कंडेन्सरवर ८५ अंश किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं आणि माहितीपत्रकात त्या तापमानाला किती तास टिकेल ते दिलेलं असतं. ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळिशी ओलांडते, त्यात ईएल८४च्या शेजारी चॅसीखाली ६५ अंश सहज होतात. ८५ अंशांचा, २००० तासांचा कंडेन्सर तिथे चारपट म्हणजे ८००० तास टिकेल. रोज दोन तास ऐकलं तर अकराएक वर्षं. १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा घेतला तर सोळापट, ३२००० तास. किमतीतला फरक किरकोळ असतो. १०५चाच घ्या.

चौथं, रिपल करंट. टाकी सतत भरते-रिकामी होते, त्यात कंडेन्सर आतून तापतो. सेट १०० मिलिअँपिअर घेत असेल तर पहिल्या कंडेन्सरचं रिपल रेटिंग त्याच्या तिप्पट-चौपट तरी असावं. आजकाल तेवढ्याच मायक्रोफॅरडचे फार बारके कंडेन्सर येतात. एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरसाठी ते ठीक आहेत, इथे थोडा जाडजूड बरा.

जुना डबा चॅसीवर वरून दिसतो. तो काढून टाकला तर सेटचं रूप जातं आणि भोक उरतं. दोन मार्ग आहेत. स्लोव्हाकियाची जेजे आणि जर्मनीची एफ अँड टी या कंपन्या अजूनही ५०+५०, ५०० व्होल्टचे डबे बनवतात, ते मागवता येतात. किंवा जुना डबा शोभेला तसाच ठेवून, त्याच्या सगळ्या पॉझिटिव्ह वायरी सोडवून, खाली दोन सुटे कंडेन्सर बसवता येतात. मी अण्णांच्या सेटला दुसरा मार्ग घेतला. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुना कंडेन्सर जोडलेला ठेवून वरून नवा समांतर टाकायचा नाही. मेलेला तसाच गळत राहतो आणि उद्या शॉर्ट झाला तर नव्यालाही घेऊन जातो. आणि नव्यांचे निगेटिव्ह जिथे जुन्या डब्याची अर्थची जोडणी होती त्याच टॅगवर आणायचे. मूळ बांधणाऱ्याने अर्थिंगची जागा विचार करून ठरवलेली असते, ती हलवली की कंडेन्सर नवा असूनही घूं राहते.

पोलॅरिटी दोनदा तपासा. उभ्या कंडेन्सरवरचा पट्टा निगेटिव्ह बाजू दाखवतो. दोन्हीकडे वायर असलेल्या आडव्या कंडेन्सरवर बाण असतो, तो निगेटिव्हकडे बोट दाखवतो, आणि ज्या टोकाला गोल खाच असते ते पॉझिटिव्ह. उलटा लावला तर तो फुटतो.

कपलिंग कंडेन्सर: व्होल्टेज अडवायचं, गाणं सोडायचं

आता लाल होणारा वॉल्व्ह. वॉल्व्हमध्ये कॅथोडवरून निघालेले इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडकडे जातात, आणि मधली ग्रिड त्यांना कमी-जास्त सोडते. ईसीसी८३च्या अ‍ॅनोडवर समजा २०० व्होल्ट डीसी आहेत आणि त्यावर स्वार होऊन गाण्याचा सिग्नल येतोय. पुढच्या ईएल८४च्या ग्रिडला फक्त सिग्नल हवा, २०० व्होल्ट नकोत. मधे बसलेला कंडेन्सर दरवान आहे: सिग्नलला वाट देतो, डीसीला अडवतो. जुने कंडेन्सर कागदाचे, मेणात बुडवलेले. कोकणातल्या दमट हवेत तर त्यांची फारच लवकर वाट लागते. कागद ओल धरतो आणि दरवान लाच खाल्ल्यासारखा थोडं थोडं डीसी सोडायला लागतो.

थोडं म्हणजे किती? अण्णांनी झाकणाच्या आत एक कागद चिकटवला होता, शाईने लिहिलेला, प्रत्येक वॉल्व्हच्या प्रत्येक पिनवरचं व्होल्टेज. (सेट बांधणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. मला त्या कागदाने अर्धा दिवस वाचवला.) ईएल८४च्या कॅथोडवर ११ व्होल्ट, ग्रिडवर शून्य, असं त्यावर होतं. सेट दोन मिनिटांपुरता चालू करून मी मोजलं, तर लाल होणाऱ्या वॉल्व्हच्या पिन २वर, म्हणजे ग्रिडवर, अधिक ५ व्होल्ट. कॅथोडवर १५.

हिशेब करून पाहू. कॅथोडचा रेझिस्टर २७० ओहम. १५ भागिले २७०, म्हणजे सुमारे ५५ मिलिअँपिअर. त्यातले पाचेक स्क्रीनचे (दुसऱ्या ग्रिडचे) वजा केले तर अ‍ॅनोडचे ५०. अ‍ॅनोड आणि कॅथोडमधले ३०० व्होल्ट धरले तर १५ वॅट. ईएल८४च्या अ‍ॅनोडची मर्यादा १२ वॅट. लाल होणार नाही तर काय होईल! आणि हे असंच चालू राहिलं असतं तर वॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता. वॉल्व्ह पुन्हा मिळतो. अण्णांनी गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

तो कंडेन्सर किती गळत होता? ग्रिडवरून चॅसीला ४७० किलोओहम. २०० व्होल्टमधले ५ व्होल्ट त्याच्यावर पडत असतील तर उरलेले १९५ कंडेन्सरवर. म्हणजे कंडेन्सर सुमारे १८ मेगओहमच्या रेझिस्टरसारखा वागत होता. एवढा रोध म्हणजे सामान्य माणसाला जवळजवळ पूर्ण इन्सुलेशन वाटेल. पण या जागेला तोही पुरत नाही. १०० मेगओहम असला तरी ग्रिडवर जवळपास एक व्होल्ट येतो.

मी तो काढून मल्टीमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर लावला. छापलेले ०.१, मीटर दाखवतो ०.१३. "चांगला आहे की, उलट जास्तच दाखवतोय" असं म्हणून कोणीही परत लावला असता. गळका कंडेन्सर मीटरवर अनेकदा जास्त क्षमता दाखवतो, कारण मीटर फक्त दोन-तीन व्होल्टवर तपासतो, आणि गळती खरी दिसते ती २०० व्होल्टवर. म्हणून खरी परीक्षा सेटमध्येच होते. सेट बंद आणि फिल्टर रिकामे असताना कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवायचं आणि डिजिटल मल्टीमीटर डीसी व्होल्टवर त्या टोकाला आणि चॅसीला क्लिपने जोडून ठेवायचा. मगच सेट चालू करायचा, हात न लावता. अशा मीटरचा रोध साधारण १० मेगओहम असतो. सुरुवातीला आकडा उडी मारेल, मग उतरत जाईल. स्थिर झाल्यावर एक व्होल्ट दिसला तर गळती ०.१ मायक्रोअँपिअर, आणि ती चालण्याजोगी आहे. दहा-वीस व्होल्ट दिसले तर कंडेन्सर बाद.

माझा तर स्पष्ट सल्ला आहे की जुना कागदी मेणाचा कपलिंग कंडेन्सर दिसला तर तपासायचीही गरज नाही, बदलूनच टाका. आज नसेल गळत, तर पुढच्या पावसाळ्यात गळेल.

त्याजागी काय? पॉलिएस्टर किंवा पॉलीप्रॉपिलीन फिल्मचा (प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा), ६३० व्होल्ट डीसीचा. ४०० व्होल्टचाही चालतो, पण सेट चालू करताना ईसीसी८३ तापलेला नसतो, तेव्हा त्याच्या अ‍ॅनोडवर जवळपास पूर्ण सप्लाय येतो आणि तो या कंडेन्सरवर पडतो. ६३०मध्ये शांत झोप लागते. अंगावरचे आकडे वाचायची सवय करा: ४७३जे म्हणजे ४७ वर तीन शून्यं, ४७००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.०४७ मायक्रोफॅरड, आणि जे म्हणजे पाच टक्क्यांची सूट. १०४के म्हणजे ०.१, दहा टक्के. जुन्या सेटवर ०.०५ लिहिलेलं असेल तिथे ०.०४७ बसतो, ०.०२ तिथे ०.०२२.

क्षमता मात्र तीच ठेवा. पुष्कळांना वाटतं की कपलिंग कंडेन्सर मोठा केला की बास वाढेल. ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम यांची जोडी ३.४ हर्ट्झपर्यंत खाली जाते. आपल्या कानाची हद्द २० हर्ट्झच्या आसपास संपते. मिळवायला काही उरलेलंच नाही. गमवायला मात्र बरंच आहे. या सेटमध्ये आउटपुटवरून पहिल्या वॉल्व्हपर्यंत फीडबॅक, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग, परत आणलेला असतो, आणि बांधणाऱ्याने प्रत्येक टप्प्याची खालची हद्द एकमेकांना सांभाळून ठरवलेली असते. ती बिघडली की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच फट्-फट्-फट् करायला लागतो, खाडीतल्या मोटरबोटीसारखा, आणि स्पीकरचा कागद डोळ्यांना दिसेल इतका आतबाहेर हलतो. शिवाय गाण्यात एखादा मोठा आघात आला आणि ग्रिडने क्षणभर करंट ओढला, तर कंडेन्सरला सावरायला वेळ लागतो. ०.१ असेल तर एका सेकंदाच्या विसाव्या भागात त्याचा बहुतेक भार उतरतो, १ मायक्रोफॅरड केला तर जवळपास अर्धा सेकंद. तबल्याच्या प्रत्येक थापेनंतर आवाज गुदमरल्यासारखा वाटतो तो यामुळे.

महागड्या कंडेन्सरांबद्दल

इथे मतभेद आहेत, आणि मी माझं मत लपवत नाही. एका कपलिंग कंडेन्सरला काही हजार रुपये घेणारे नाममुद्रेचे कंडेन्सर मिळतात, तेलात बुडवलेल्या कागदाचे, तांब्याच्या किंवा चांदीच्या पत्र्याचे. पॉलीप्रॉपिलीनमध्ये होणारा सिग्नलच्या ऊर्जेचा ऱ्हास पॉलिएस्टरपेक्षा दहापट तरी कमी असतो, हे मोजता येतं. गळका कंडेन्सर काढून चांगला लावला तर फरक शेजारच्या खोलीत बसलेल्यालाही कळतो. पण साध्या चांगल्या पॉलीप्रॉपिलीनच्या जागी दहापट महाग कंडेन्सर लावून मला आजवर असा फरक ऐकू आला नाही की मी कोणाला तेवढे पैसे खर्च करायला सांगावं. त्याच पैशात चांगले ईएल८४ येतात किंवा रेकॉर्डप्लेअरची नवी सुई येते, आणि तो फरक नक्की ऐकू येतो.

शिवाय ते कंडेन्सर आकाराने मोठे. चॅसीखाली मावत नाहीत, लांब वायरींवर लोंबकळतात आणि आजूबाजूची घूं उचलतात. टॅगस्ट्रिपवर जुना जिथे होता तिथे बसणारा, दोन्हीकडे वायर असलेला आडवा कंडेन्सर सगळ्यात सोयीचा. जुन्या कागदी कंडेन्सरच्या एका टोकाला काळा पट्टा असतो. तो निगेटिव्ह नव्हे. बाहेरचा पत्रा कुठल्या वायरला जोडलाय ते तो सांगतो, आणि ते टोक मागच्या वॉल्व्हच्या अ‍ॅनोडकडे ठेवायचं, म्हणजे बाहेरचा पत्रा आतल्याला आडोसा देतो. फिल्म कंडेन्सर दोन्ही बाजूंनी लागतो, उलटा-सुलटा असं काही नसतं.

चकचकीत सिरॅमिक चकत्या कपलिंगला लावू नका. ०.१, ०.०४७ अशा क्षमतेच्या सिरॅमिकची क्षमता त्यावरच्या व्होल्टेजनुसार बदलते, त्यामुळे सिग्नलमध्ये खोट येते.

माल कुठला घ्यायचा? विमा, पॅनासॉनिक, निचिकॉन, केमेट, विशय ही नावं माझ्या अनुभवात विश्वासाची. देशातला घ्यायचा तर कन्नूरच्या केलट्रॉनचे इलेक्ट्रोलिटिक आहेत, आणि आपल्या नाशिकला अल्कॉन कंडेन्सर बनवते. नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घेणं. बाजारात मोठ्या वेष्टनात छोटा कंडेन्सर घालून विकलेला मालही मिळतो. एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या दोन कंडेन्सरांपैकी एक हातात हलका लागला, कापून पाहिला तर आत करंगळीएवढा जीव. 'जुना पण न वापरलेला' इलेक्ट्रोलिटिक चाळीस वर्षांनी कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. तो दुकानात पडल्या पडल्याच म्हातारा झालेला असतो.

उरलेल्या जागा

ईएल८४च्या कॅथोड रेझिस्टरला समांतर एक ५० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक असतो. तो तापलेल्या वॉल्व्हच्या पायाशी बसलेला असतो, त्यामुळे आटतो, आणि आटला की आवाज अशक्त होतो, बास पातळ लागतो. तिथे ४७ मायक्रोफॅरड, ५० किंवा ६३ व्होल्ट, १०५ अंश. वॉल्व्ह बिघडून कॅथोडचं व्होल्टेज चढलं तर २५ व्होल्टचा आधी फुटतो, म्हणून वरचा.

फीडबॅकच्या वाटेवर किंवा पहिल्या वॉल्व्हच्या अ‍ॅनोडवर काही दहा-शंभर पिकोफॅरडचे अभ्रकाचे कंडेन्सर दिसतील. ते सहसा बिघडत नाहीत. त्यांना हात लावू नका. वरच्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायर स्थिर ठेवायचं काम त्यांचं आहे.

आणि एक जागा, जिच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. काही जुन्या सेटमध्ये मेन्सच्या एका वायरीपासून थेट चॅसीला एक कंडेन्सर असतो. तो शॉर्ट झाला तर चॅसी जिवंत. तिथे साधा फिल्म कंडेन्सर कधीही लावायचा नाही. एक तर तो काढूनच टाकून तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग घ्यायचं, किंवा वाय२ वर्गाचा, मेन्ससाठीच बनवलेला लावायचा. फेज आणि न्यूट्रलच्या मधे असेल तर एक्स२. हे वर्ग अंगावर छापलेले असतात.

पहिल्यांदा चालू करताना

सगळे एकदम बदलू नका. आधी फोटो काढा, मग एक बदला, तपासा, मग पुढचा. चूक झाली तर ती शेवटच्या डाखात आहे हे कळतं. पॉलीप्रॉपिलीन उष्णतेला नाजूक, म्हणून डाख देताना वायर चिमट्याने धरावी. उघड्या वायरींवर स्लीव्ह घालाव्या.

चालू करायचं ते सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा बल्ब एकापुढे एक लावून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे. अण्णांच्या सेटला बल्ब मंद झाला. पाच मिनिटांनी थेट मेन्सवर घेतला आणि पिन २ मोजली: दोन्ही ईएल८४वर शून्य. कॅथोडवर एकीकडे १०.९, दुसरीकडे ११.२. कागदावर ११ होते.

दोन तास चालवून पुन्हा मोजलं, कारण कंडेन्सर तापल्यावरच गळायला लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. आकडे तेच राहिले. ताईंना सांगितलं, महिनाभराने एकदा आणा, ग्रिड आणि कॅथोड परत बघू, आणि तोवर चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका.